कापलेला कलेक्टर

१

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सुनेने वर्कशॉपचं शटर वर ढकललं, दिवे लावले आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

मधल्या लांब टेबलावर शनिवारी संध्याकाळी पांढऱ्या कापडावर दोन हेडर ठेवले होते. एक तिने बनवलेला, दुसरा तिच्या सासऱ्यांनी. तिचा होता तसा होता. सासऱ्यांच्या हेडरचे मात्र दोन तुकडे झाले होते. चार नळ्यांचा जुडगा टेबलावर, आणि त्याचं नरसाळ्यासारखं तोंड खाली फरशीवर.

हेडर म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या. साध्या गाडीत हे काम ओतीव लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा करतो. शर्यतीच्या गाडीचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्या इंजिनच्या चार तोंडांना चार वेगळ्या नळ्या लागतात, लांबीने सारख्या, हव्या तशा वळवलेल्या. त्या शेवटी जिथे एकत्र येतात तो कलेक्टर. त्या कशा एकत्र आणायच्या यावर गाडी कुठे जोर धरणार ते ठरतं. सासऱ्यांची रीत जुनी होती: चारही नळ्या एकदम एकाच कलेक्टरमध्ये. सुनेची वेगळी: आधी चारच्या दोन, मग दोनांची एक. यातली सरस कोणती, यावरून त्या घरात वर्षभर जेवताना भांडी आपटत होती.

आज निकाल लागायचा होता. शर्यतीच्या संघाचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, नऊ वाजता येणार होते. गाडी रोलरच्या यंत्रावर चढवायची, एकेक हेडर लावून ताकद मोजायची. जो जिंकेल त्याचे हेडर संघाच्या सहाही गाड्यांना बसणार होते. शिवाय सासरे दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "ज्याचा हेडर, त्याच्या हाती वर्कशॉप."

मागून पावलं वाजली. तिचा नवरा आणि सासरे आत आले. सासऱ्यांना सगळं शहर उस्ताद म्हणत असे. ते टेबलाशी गेले, वाकून फरशीवरचा कलेक्टर उचलला, बाहीने पुसला आणि कापडावर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

नवरा मात्र बोलला. आधी तुकड्यांकडे बघून, मग बायकोकडे.

"शनिवारी कुलूप तूच लावलंस ना?"

"हो."

"आणि आज पहिली आत आलीस तीही तूच."

२

शेठ आले तेव्हा त्यांच्यामागून निकाल बघायला आत्याही आली. आत्या म्हणजे उस्तादांची मोठी बहीण. वय चौसष्ट, पाठीला किंचित पोक, पर्समध्ये कायम एक भिंग आणि बोटाएवढी बॅटरी. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात तिने तेहतीस वर्षं वेल्डिंग तपासलं होतं. दुसऱ्यांनी जोडलेले सांधे बघायचे आणि कुठे पोकळी आहे, कुठे भेग आहे ते सांगायचं.

ती त्या कामाला कशी लागली हे घरात कुणी काढत नसे. त्यांच्या वडिलांचं हेच वर्कशॉप. वेल्डिंगची टॉर्च त्यांनी धाकट्या मुलाच्या हातात दिली आणि मुलीला म्हणाले, "तू बघ." ती बघत बसली. पुढे बघणं हाच तिचा धंदा झाला. भावाचं नाव झालं, लोक त्याला उस्ताद म्हणू लागले, तेव्हा तिने अभिनंदन केलं होतं आणि घरी जाऊन दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती.

शेठ भडकले होते. "मी सहा गाड्या थांबवून ठेवल्यात! तुमच्या घरातल्या भांडणात मला ओढू नका. एकच हेडर उरलाय, तोच घेतो आणि मोकळा होतो."

"घेऊ नका," सून म्हणाली. "असा नको मला."

"पोलिसांना कळवू का मग?"

"काय कळवणार? कलेक्टरला कापलं म्हणून?" आत्या म्हणाली. "कलेक्टर ऑफिस गाठतील ते आधी. शेठ, बुधवारी दुपारी या. तोवर कुणी कापला ते मी सांगते."

शेठना हसू आलं नाही, पण ते गेले.

आत्याने भिंग काढलं. काप सरळ होता, ग्राइंडरचा, न थरथरता घेतलेला. काठ लखलखीत. बाहेरून सगळा हेडर आरशासारखा चमकत होता. तिने बॅटरी आत धरली आणि मग एका नळीत तर्जनी घातली.

भावाच्या वेल्डिंगची एक गोष्ट तिला माहीत होती, कारण त्याबद्दल ती त्याच्यावर आयुष्यभर जळत आली होती. जोडताना तो नळीतून आर्गॉन वायू सोडायचा, त्यामुळे सांधा आतूनही चांदीसारखा राही. अख्ख्या नोकरीत तिने तसा सांधा दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

तिने बोट बाहेर काढलं. ते काळं होतं.

"हा हेडर अजून गाडीला लागलाच नव्हता, नाही का?" तिने विचारलं.

"नाही," उस्तादांचा मुलगा म्हणाला. "आजच लावायचा होता पहिल्यांदा."

आत्याने बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. न लागलेल्या हेडरमध्ये काजळी धरली होती.

३

ती तिघांशी वेगवेगळी बोलली. पहिला भाचा. त्याला तिने गाडीपाशी गाठलं. तो बॉनेटवर कोपरं टेकून उभा होता.

"रविवारी कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो."

"दिवसभर?"

"दिवसभर. सुट्टीच होती." त्याने नजर वळवली. "आत्या, मला काय विचारतेस? तिला विचार. जिंकायचं तिला होतं."

"आणि तुला?"

तो कडवट हसला. "मी शर्यतीत होतो कुठे? दहा वर्षं झाली मला इथे. दहा वर्षं बाबांनी माझ्या हातात पाना दिला. ही लग्न करून आली आणि दोन वर्षांत टॉर्च हिच्या हातात! लोक विचारतात, तुमच्या मिसेसने बनवलंय का? मी म्हणतो, हो. मी बोल्ट आवळलेत."

"मग तिने कापला असं वाटतं तुला?"

त्याने बॉनेटवरचा एक डाग अंगठ्याने पुसला. "सकाळी वाटलं. आणि खरं सांगू? एक क्षणभर बरं वाटलं मला."

सून मागच्या खोलीत नळ्यांच्या मांडणीसमोर बसली होती. डोळे कोरडे, आवाज ताब्यात.

"रविवारी मी घरी होते, आत्या. एकटी. साक्षीदार कुणी नाही."

"एकटी? तुझा नवरा तर म्हणतो तो घरी झोपला होता."

तिने मान वर केली. खोटं बोलावं की खरं, हा पेच तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. "बाराला बाहेर पडला. सहाला आला. कुठे ते सांगितलं नाही. हल्ली सांगत नाही काही."

"आणि बाबा?"

"जुन्या मित्राकडे जातो म्हणाले होते. जेवूनच निघाले." ती उठली. "तुम्हाला एक दाखवायचंय. मघाशी सगळ्यांसमोर बोलले नाही, म्हणतील स्वतःला वाचवतेय."

तिने आपला हेडर उजेडात आडवा धरला. "मी शेवटचा हात मारते तो नळीच्या लांबीने. रेघा अशा उभ्या पडतात. बघा आता."

आत्याने भिंग लावलं. रेघा नळीभोवती गोल गेल्या होत्या, बांगडीसारख्या.

"कुणीतरी माझा हेडर परत घासलाय," सून म्हणाली. "चकचकीत केलाय. ज्याला माझं वाईट करायचंय तो माझं भांडं घासून का ठेवेल?"

"आणि गोल कोण घासतं इथे?"

तिने हेडर खाली ठेवला. "बाबा. आणि बाबांनी शिकवलं म्हणून तुमचा भाचा."

४

वर्कशॉपला लागून फर्निचरला पॉलिश करणाऱ्याचं दुकान होतं. दोघांच्या मध्ये पत्र्याची भिंत. पॉलिशवाला आत्याला बघताच उसळला.

"तुम्ही त्यांच्या घरातल्या ना? मग सांगा त्यांना! रविवारी तरी माणसाने शांत बसावं. कपाटाचं दार ओलं होतं माझं. गाडीच्या धुराने त्यावर तवंग आला. पुन्हा सगळं खरवडलं मी."

"रविवारी गाडी चालू होती?"

"चालू? बोंबलत होती! दोनदा."

आत्याने एक स्टूल ओढलं आणि बसली. "नीट सांगा. आठवेल तसं."

"दोनच्या सुमारास पहिल्यांदा. किंचाळल्यासारखा आवाज, वर वर चढत जाणारा. दात शिवशिवले माझे. मग सगळं शांत. मला वाटलं, सुटलो. तर दीड-दोन तासांनी परत. पण आवाज निराळा होता. जाडा, छातीतून निघाल्यासारखा. मला वाटलं दुसरीच गाडी आणली."

"आणि मग?"

"मग बराच वेळ काही नाही. माणूस आत आहे की गेला, कळेना. त्यानंतर पाचच्या पुढे ते घासायचं यंत्र, घुर्र घुर्र, बरंच चाललं. सगळ्यात शेवटी एकदाच ग्राइंडर. पत्र्याच्या फटीतून ठिणग्या दिसल्या. दोन मिनिटं. बस."

"माणूस दिसला?"

"नाही. पण एक ऐकू आलं." पॉलिशवाल्याने हातातला बोळा खाली ठेवला. "ग्राइंडर थांबल्यावर आत कुणीतरी रडत होतं."

"बाई की पुरुष?"

"ते नाही सांगता येत, ताई. रडणं सगळ्यांचं सारखंच की."

५

मंगळवारी सकाळी आत्याने भाच्याला पुन्हा गाठलं. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही. "रविवारी बारा ते सहा तू घरी नव्हतास. दोनला इथे गाडी चालली, पाचनंतर ग्राइंडर. वर्कशॉपच्या किल्ल्या तीनच आहेत, तुझी, तिची आणि बाबांची. आता बोल."

त्याचा चेहरा पडला. खिशातून फोन काढून त्याने तिच्या हातात दिला. शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसरं एक वर्कशॉप होतं, उस्तादांचं जुनं प्रतिस्पर्धी. "तिथे होतो. काम मागायला गेलो होतो. त्यांनी संध्याकाळपर्यंत एक इंजिन उघडून घेतलं माझ्याकडून, हात बघायला. विचार त्यांना. फक्त बाबांना सांगू नकोस."

तिने तिथेच फोन लावला. पलीकडच्या मालकाने हसत सांगितलं, साडेपाचपर्यंत मुलगा त्यांच्यासमोर तेलात कोपरापर्यंत बुडालेला होता. हात चांगला आहे, पुढच्या महिन्यापासून घेतोय त्याला.

आत्याने फोन परत दिला. आता किल्ल्या दोनच उरल्या. सुनेने हे केलं असतं, तर रेघा गोल गेल्यात हे तिने आपणहून दाखवलं नसतं. ते तिच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

भाऊ मागच्या बाजूला नळाशी उभा होता. हात कधीच धुऊन झाले होते, पाणी तसंच वाहत होतं. तिने नळ बंद केला.

"रविवारी तू दोन्ही हेडर चालवून बघितलेस," ती म्हणाली. "आधी तुझा, मग तिचा. मग दोन्हींवर तापून चढलेला निळसर रंग घासून काढलास, म्हणजे कुणाला कळू नये. बाहेरून कळलंही नसतं. आतली काजळी मात्र तुला घासता येईना. आणि मग आपलाच हेडर कापलास."

"ताई, माझ्या हातचं काम मी का कापीन?"

"तेच मला काल दिवसभर कळत नव्हतं. मग काप पुन्हा बघितला. तुझ्यावर जळणाऱ्याने कापलं असतं, तर नळ्या कापल्या असत्या. वाकवलेल्या, सहा आठवडे खपून जुळवलेल्या. एक जरी गेली तरी हेडर मेला. हा काप नेमका शिवणीवरून गेलाय. नळ्यांना ओरखडा नाही. नवा कलेक्टर बसवला की हेडर उभा. कापणाऱ्याला तो कापवत नव्हता रे."

उस्तादांनी ओले हात पँटला पुसले. मोठा माणूस, पण त्या क्षणी शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखा दिसला.

"मला फक्त आधी बघायचं होतं," ते म्हणाले. "चार लोकांसमोर तोंडघशी पडण्याआधी. आणि बघितलं. मी हरलो, ताई. मीच शिकवलेल्या पोरीकडून. तीस वर्षांत मला जे सुचलं नाही ते तिने स्वयंपाकघरात बसून वहीत काढलं. असा जळलो मी... म्हटलं, मोजणीच होऊ नये."

"आणि आळ तिच्यावर आला."

"मी तिचं नाव घेतलं नाही!"

"नाही घेतलंस. गप्प बसलास. तिचा नवरा तिच्याकडे चोरासारखं बघत होता आणि तू कलेक्टर पुसत होतास."

त्यांनी पुन्हा नळाला हात घातला.

"मला माहीत आहे ते कसं असतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "तुझा प्रत्येक सांधा मी भिंगाखाली धरलाय. इतकी वर्षं. एखादी तरी भेग सापडावी म्हणून. एकही सापडली नाही, आणि दर वेळी मला वाईट वाटलं. पण मी कधी ग्राइंडर उचलला नाही. चल आत. तू सांगतोस, की मी सांगू?"

६

त्यांनी स्वतः सांगितलं. टेबलापाशी उभं राहून, मुलाकडे आणि सुनेकडे न बघता, चार वाक्यांत.

मुलगा भिंतीला टेकला. सून रडली नाही, ओरडली नाही. "कालपासून मी माझ्याच घरात चोर होते," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुला विचारावंसंही वाटलं नाही. तू थेट ठरवलंस."

"चुकलो," तो म्हणाला.

"त्यावर आपण घरी बोलू." ती पुन्हा सासऱ्यांकडे वळली. "बाबा, नवा कलेक्टर करा. उद्या दोन्ही हेडर चालतील. आणि शेठना जे सांगायचं ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

उस्ताद त्याच दुपारी कामाला बसले. बुधवारी शेठ आले तेव्हा नवा कलेक्टर बसलेला होता, आणि त्याची शिवण बघून आत्याने भिंग न काढताच मान हलवली. उस्तादांनी शेठना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. शेठच्या भुवया वर गेल्या, पण ते इतकंच म्हणाले, "तुमच्या घरचं तुम्ही बघा. मला गाडी पळालेली हवी."

आधी उस्तादांचा हेडर. गाडी रोलरवर किंचाळत वर चढली, पडद्यावर ताकदीची रेघ चढत गेली आणि शेवटी आकडा उमटला: दोनशे चौदा हॉर्सपॉवर. मग थांबणं, थंड होणं, बोल्ट सोडणं. मग सुनेचा. जाडा, भरलेला आवाज. दोनशे दहा.

शेठनी टाळी वाजवली. "अहो उस्ताद! तुम्ही चारने पुढे आहात! मग कापलात कशाला?"

वर्कशॉपमध्ये पंख्याचा तेवढा आवाज राहिला. आत्या भावाकडे बघत राहिली. तिच्या सगळ्या हिशेबात हे कुठेच नव्हतं. हरलो म्हणाला होता तो. मुलाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. सून पडद्याकडे टक लावून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, हातांची घडी. ती एक शब्द बोलली नाही.

उस्ताद पडद्यापाशी गेले.

"शेठ, तो शेवटचा आकडा आहे. इंजिन पार वर चढतं तेव्हाचा. तुमच्या ट्रॅकवर गाडी तिथे किती वेळ असते? सरळ रस्त्यावर तीन-चार सेकंद. बाकी सगळा वेळ ती वळणातून बाहेर पडत असते. म्हणजे इथे असते." त्यांनी पडद्याच्या मध्यावर बोट टेकवलं, जिथे दोन रेघांमध्ये चांगलं बोटभर अंतर पडलं होतं. "वरची रेघ तिची. इथे ती माझ्यापेक्षा चौदाने पुढे आहे. प्रत्येक वळणाला तिची गाडी माझ्या पुढे निघणार. शर्यत तिथे जिंकतात."

"मग हे मला कळलंच नसतं," शेठ म्हणाले.

"तुम्हाला नसतं कळलं. तिला कळलं असतं." त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं. "तुम्ही मला हार घातला असता आणि ती समोर उभी राहून सगळं वाचत असती. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून कापला."

शेठनी सहा हेडर सुनेच्या रीतीने करायला सांगितले आणि गेले. वर्कशॉपच्या किल्ल्या उस्तादांनी टेबलावर तिच्यासमोर ठेवल्या. तिने त्या लगेच उचलल्या नाहीत. मुलाने त्याच संध्याकाळी, सगळे बसलेले असताना, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे कामाला जाणार असल्याचं सांगितलं, आणि कुणी त्याला अडवलं नाही. उलट सुनेने विचारलं, तिथे इंजिनाचं काम देणार का, आणि तो बऱ्याच महिन्यांनी तिच्याशी कामाबद्दल सविस्तर बोलला.

पण ते नंतर. शेठ गेल्यावर सासरा आणि सून दोघंच रोलरपाशी उरले होते, आणि आत्या दाराशी पर्स आवरत होती.

"तू का बोलली नाहीस?" उस्तादांनी विचारलं. "आकडा आला तेव्हा. तुला दिसत होतं सगळं."

"दिसत होतं."

"मग?"

"मनात दहापर्यंत मोजणार होते, बाबा," सून म्हणाली. "दहा झाले असते तर मीच सांगितलं असतं, आणि मग या वर्कशॉपमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नसतं." तिने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. "तुम्ही सातवर बोललात."